हेझलच्या शेगडीमागे अठ्ठेचाळीस बाटल्या

तस्मानिया बेटावरच्या टार्न क्रॉसिंग गावात घरी बिअर करणारे नऊ जण होते, आणि व्हर्न ट्रिफिटच्या मते त्यांतल्या आठांना भर चौकात उभं करून फटके द्यायला हवे होते. कसाई केल्व्हिनची बिअर म्हणजे मेंढ्या धुतलेलं पाणी. पोस्टमास्तरची बिअर चाखून त्याने एकदा भरल्या सभागृहात उरलेला ग्लास कुंडीत ओतला आणि टोपी काढून त्यातल्या रोपाची माफी मागितली. पबमधल्या बिअरबद्दल तर तो बोलतच नसे. विषय निघाला की खिडकीबाहेर बघत बसे, तुरुंगात गेलेल्या आपल्या काकाचं नाव कुणी घेतल्यासारखा.

एवढा तोरा आला कुठून? व्हर्न एक्केचाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत होता. डाव्या हाताची दोन बोटं त्याने तिथेच सोडली आणि बदल्यात एक आवाज घरी आणला. चालू करवतीच्या वर ऐकू जाईल असा तो खणखणीत, कमावलेला आवाज. शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्यालाही तिकिटाचे पैसे वसूल वाटावेत. गिरणीत व्हर्न आपलं मत ठोकून द्यायचा, समोरचा उत्तराला तोंड उघडायचा आणि तेवढ्यात करवत पुन्हा सुरू व्हायची. अशी एक्केचाळीस वर्षं ज्याला कुणाचं उत्तर ऐकावं लागलं नाही, तो माणूस आपण कधी चुकतच नाही असं समजू लागला तर नवल काय?

त्याला एकच माणूस मनापासून मान्य होता. क्लॅरी पर्टन. दोन मुठींच्या लांब करवतीची एक मूठ व्हर्नच्या हातात, तर दुसरी क्लॅरीच्या. तस्मानियातल्या जत्रांमध्ये ओंडके कापण्याच्या शर्यती या जोडीने अकरा वर्षं मारल्या. व्हर्न गर्जायचा, क्लॅरी हसायचा आणि ओंडका पडायचा. आता क्लॅरीचे हात थरथरायला लागले होते. चहाचा कप ओठांपर्यंत पोचेस्तोवर अर्धा बशीत. मुलीने त्याची सोय लॉन्सेस्टनच्या वृद्धाश्रमात केली होती. जुलैच्या शेवटच्या शनिवारी बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये निरोपाचं जेवण ठरलं.

"केक नको, भाषण नको," क्लॅरी व्हर्नला म्हणाला. "तुझी बिअर पाज, गड्या. तिकडे साडेपाचला कोको देऊन झोपवतात म्हणे."

"अठ्ठेचाळीस बाटल्या," व्हर्न म्हणाला. "सबंध गाव बघेल, बिअर कशाला म्हणतात ते."

जूनच्या मध्यावर त्याने बाटल्या भरल्या. मोठ्या, तपकिरी, जाड काचेच्या. प्रत्येकीत एक चमचा साखर, वर पत्र्याचं झाकण ठोकलेलं. बाटलीत उरलेलं यीस्ट ती साखर खातं, त्याचा वायू होतो, आणि त्या वायूने बिअरला फेस येतो. मग बाटल्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सिमेंटच्या जमिनीवर रांगेत. तीस वर्षं तो हेच करत आला होता. फरक एवढाच, की तीस वर्षं तो ऑक्टोबरमध्ये बाटल्या भरायचा, नाताळात पिण्यासाठी. यंदा जून होता, म्हणजे तिकडचा भर हिवाळा. शेडबाहेर कुत्र्याच्या पाण्यावरचा बर्फ सकाळी दहापर्यंत फुटत नव्हता. पण कॅलेंडर बघून बिअर करायला तो काय पोस्टमास्तर होता?

निरोपाला वीस दिवस उरले तेव्हा त्याने पहिली बाटली उघडली. फुस्स नाही की काही नाही. ग्लासात ओतली, तर भांडी विसळल्यानंतरच्या पाण्यासारखी तपकिरी आणि गप्प. एक घोट घेतला. गोड. दुसरी बाटली उघडली, तीही तशीच. व्हर्न शेडमधल्या बाकावर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच बिअरकडे बघून त्याने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

मग दोषारोपांचं सत्र सुरू झालं. साखरवाल्यांनी साखरेत भेसळ केली. यीस्टची पुडी शिळी होती. सरकारने पाण्यात काहीतरी मिसळलं. बातमी गावात फिरायला किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी केल्व्हिनने कोकराच्या पायाबरोबर सल्लाही बांधून दिला.

"बाटल्या जरा हलवून बघ रे व्हर्न. तळाचं यीस्ट जागं होईल."

"तुझ्या दुकानातलं मटण हलवून जागं होतं का, केल्व्हिन?"

"होत नाही. पण मी कुणाच्या निरोपाला ते जिवंत म्हणून वाढत नाही."

दुकानातल्या तीन बायका हसल्या. व्हर्न कोकराचा पाय तिथेच ठेवून घरी आला.

"हेझलला विचार," बायको मर्ल म्हणाली.

हेझल मर्लची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहणारी विधवा. ती आल्याची बिअर करायची, पोरांनी आणि पाद्र्याने प्यायची. हिवाळ्यात ती आपल्या बाटल्या मेलेल्या नवऱ्याच्या स्वेटरांत गुंडाळून शेगडीमागे ठेवायची. गेल्या वर्षी भर हॉलमध्ये व्हर्नने त्यावरून नक्कल करून दाखवली होती. काल्पनिक बाटलीला मांडीवर घेऊन झबलं घातलं, टोपरं बांधलं, ढेकर काढला. लोक पोट धरून हसले होते. हेझल हसली नव्हती.

"त्या सरबतवालीला विचारू? मी?"

"मग तसंच मेलेलं पाणी पाज क्लॅरीला. आणि हो, बाटल्या घरात आणायच्या नाहीत हां, आत्ताच सांगते."

त्याला कारण होतं. सोळा वर्षांपूर्वी व्हर्नच्या हातून एका बाटलीत दुप्पट साखर पडली होती. ती बाटली मर्लच्या कोठीत बाँबसारखी फुटली. काचेचा एक तुकडा दारात रुतला, बरोबर मर्लच्या डोळ्यांच्या उंचीवर. मर्ल तेव्हा दाराच्या दोन पावलं अलीकडे होती.

तरी व्हर्नने काय केलं? पुढचे दोन दिवस शेडमध्ये कोंडून घेऊन बाटल्यांची झाकणं काढली, प्रत्येकीत आणखी एक चमचा साखर घातली आणि नवी झाकणं ठोकली. उपाशी बैलाला चारा घातला तर तो उठेल, हा त्याचा हिशोब. बैल थंडीने काकडून पडलाय हे त्याच्या डोक्यात येईना. तीस बाटल्या झाल्यावर झाकणं संपली. कुठल्या तीस, याची खूण करायचं त्याला सुचलं नाही. चार दिवसांनी उघडून बघितलं, तर फेस नाहीच, वर गोडवा असा की दात दुखावेत.

बारा दिवस उरले होते. शेवटी मर्लनेच बहिणीला फोन केला, आणि हेझल हातगाडी घेऊन दारात हजर झाली. शेडमध्ये शिरली, जमिनीला हात लावून पाहिला, व्हर्नकडे पाहिलं.

"इथे ठेवल्यास? जूनमध्ये?"

"तीस वर्षं इथेच ठेवतोय."

"उन्हाळ्याची तीस वर्षं, बाबा. यीस्ट झोपलंय. मीही झोपले असते. माझ्याकडे नेते, आठवड्यात उठेल. साखर किती घातलीस?"

"एक चमचा."

"एकदाच?"

इथे बोलायची संधी होती. मर्ल बघत होती. हेझल बघत होती. व्हर्नने छाती फुगवली आणि तो कमावलेला आवाज लावला. "मग काय दोनदा घालीन? मी काय पोस्टमास्तर आहे?"

बाटल्या गेल्या. चार दिवसांनी सकाळी हेझलचा फोन आला. मर्लने निरोप दिला, "म्हणाली, एक उघडली, झकास फुस्स झालं. क्लॅरीला मिळणार बघ बिअर."

व्हर्नच्या चेहऱ्यावर तेज आलं आणि तिथेच विझलं. एका चमच्याची बाटली चार दिवसांत फुसफुसते. मग दोन चमच्यांची?

"हेझल दिवसभर काय करते गं?" त्याने विचारलं.

"काय करणार? गुडघ्यांना शेक मिळतो म्हणून शेगडीजवळ बसते. तोंड रस्त्याकडे, पाठ शेगडीकडे."

व्हर्नने टोपी उचलली. दोन गल्ल्यांचं अंतर, पण त्या माणसाने वाटेत तीनदा थांबून परतायचा विचार केला, हे लिहायलाही लाज वाटते. काहीच फुटलं नाही तर? मग तोंड उघडायची गरज काय? आणि फुटलीच एखादी, तर बाटली जुनी होती म्हणता येईल की! चौथ्यांदा मात्र तो थांबला नाही.

हेझल खुर्चीत बटाटे सोलत होती. तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर स्वेटर आणि गोधड्यांचा ढीग. ढिगावर मांजर.

"ये. बस," हेझल म्हणाली.

"थंडी फार आहे," व्हर्न म्हणाला.

"जुलै आहे."

"मांजर लठ्ठ झालंय."

"व्हर्न, तू मांजर बघायला आलायस का?"

"खुर्ची हलव."

"का?"

"हलव म्हणतो ना! इकडे दाराशी ये. मांजरालाही घे."

हेझलने सुरी खाली ठेवली. "का, ते सांग."

गिरणी गाजवणारा आवाज त्या दिवशी तीन फुटांवर पोचेना. "दोनदा घातली साखर. तीस बाटल्यांत. कुठल्या, ते माहीत नाही."

हेझल उठली, सावकाश. मांजर उचललं, खुर्ची दाराशी नेली, बसली. मग म्हणाली, "चार दिवस. चार दिवस मी पाठीला बाँब लावून बसलेय, का? तर व्हर्न ट्रिफिटला 'दोनदा' म्हणता येईना. माझ्या बहिणीचा डोळा थोडक्यात वाचला होता, आठवतं? दुसऱ्यांच्या बिअरला नावं ठेवायला तुझी जीभ हातभर लांब, आणि स्वतःचा एक शब्द उच्चारायचा तर बोबडी वळते! मी त्या बाटल्यांना स्वेटर घालते ना, त्यांना थंडी वाजते म्हणून घालते. तू लोकांना हसवण्यासाठी अंगात काय काय घालतोस रे? आत नुसता वारा आहे. तोही तुझ्या बिअरमध्ये कधी उतरला नाही!"

व्हर्न उभा होता. त्याने टोपी काढून हातात धरली. आणि करवत सुरू होईना.

"गिरणीतला तो तोंडावरचा जाळीचा मुखवटा आहे अजून?"

"आहे."

"आण. पोती आण. जाड हातमोजे आण. आणि चमच्याला पुन्हा हात लावलास तर बोटं आणखी दोन कमी होतील."

दुपारभर मागच्या अंगणात ते काम चाललं. व्हर्न मुखवटा चढवून ओल्या पोत्याखाली एकेका बाटलीचं झाकण सोडवायचा, हेझल धोबीघराच्या दारामागून हुकूम द्यायची. काही बाटल्या नुसत्या उसासल्या. काहींनी पोतं उडवून दिलं आणि व्हर्नला मानेपासून गुडघ्यापर्यंत न्हाऊ घातलं. गॅस निघाला की हेझलकडचं नवं झाकण, पुन्हा शेगडीमागे, पण आता मध्ये जाड फळी उभी. दर दिवसाआड तेच. आठवड्याभरात तीन बाटल्या फुटल्या, त्याही फळीपलीकडे. हेझलने एकही काच व्हर्नशिवाय कुणाला उचलू दिली नाही.

शनिवारी दुपारी हॉल भरला. भाजलेलं मटण, भोपळा, केल्व्हिन, पोस्टमास्तर, सगळे. व्हर्नने पहिली बाटली क्लॅरीच्या समोर उघडली. फेस ग्लासाबाहेर आला, क्लॅरीच्या थरथरत्या मनगटावरून बाहीत गेला. त्याने दोन्ही हातांनी ग्लास धरून एक लांब घोट घेतला. हॉल बघत राहिला.

"व्हर्न, गड्या," क्लॅरी म्हणाला, "तुझ्या हातची तीस वर्षं प्यालो. खरं सांगू? सगळी भिकार होती."

केल्व्हिनचा घास अडकला.

"मग बोलला का नाहीस?"

"सांगून तुझं तोंड कोण बघणार? पण ही..." क्लॅरीने ओठ चाटले. "ही कुणी केली?"

व्हर्नने सवयीने छाती फुगवली. श्वास आत घेतला. मग तो तसाच सोडून दिला.

"केली मी, आणि मारलीही मीच," तो म्हणाला. "जिवंत केली हेझलने. आणि मी तिला जवळजवळ मारलं होतं."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. कोपऱ्यातून हेझल म्हणाली, "ऐकू नाही आलं मागे."

व्हर्नने पुन्हा सांगितलं, मोठ्याने, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं.

"ठीक आहे," हेझल म्हणाली. "आता पोस्टमास्तरांना वाढ आधी."

व्हर्न बाटली घेऊन पोस्टमास्तरकडे निघाला. क्लॅरीने रिकामा ग्लास टेबलावर आपटला. "अरे, मला सोडून कुठे चाललास? माझी गाडी पाचला आहे!"