साट्यातल्या दोघी

तुमच्या भावाचं बायकोशी पटेनासं झालं, तर तुम्ही काय करता? फोन करता, दोन्हीकडचं ऐकून घेता, फार तर एखाद्या रविवारी जाऊन समजूत घालता. आणि संध्याकाळी आपल्या घरी परत येता, आपल्या नवऱ्यात, आपल्या पोरांत. बरोबर ना? मग कंकुनं कुणाचं काय घोडं मारलं होतं?

गुजरातेत, बनासकांठ्यातल्या एका गावात कंकु साट्यात आलेली. म्हणजे कंकु अमथाला दिली आणि अमथाची बहीण दिवाळी कंकुच्या भावाला, लगधीरला. एकाच दिवशी, एकाच मांडवात. दोघीही एकमेकींना भाभीच म्हणायच्या. हुंडा नाही, देणंघेणं नाही, म्हणून समाजातले जाणते या रिवाजाचं भारी कौतुक करतात. आपल्या लेकी आपण ओलीस ठेवतोय, एवढं सांगायचं तेवढं विसरतात.

कंकुचं बरं चाललं होतं. अमथा अबोल, पण हात उगारणारा नव्हे. मुलगी बालवाडीत जायला लागलेली. दावणीच्या म्हशींतली भुरी तर कंकुशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडायची नाही. अशात एका दुपारी दिवाळी पिशवी घेऊन माहेरी आली. ओठ फुटलेला. सासूनं लेकीच्या हातात पाण्याचा लोटा दिला आणि कंकुकडं वळून हळूच म्हणाली, "आता तुलाही जावं लागणार गं." सासू वाईट नव्हती. रिवाजच तसा. आमची नांदत नाही, तर तुमचीही नांदायची नाही.

कंकुचं डोकं फिरलं. तिनं दिवाळीला गोठ्यात गाठलं आणि तिच्यावरच तोंड सोडलं. इतकं होईपर्यंत गप्प का बसलीस, वेळीच सांगितलं असतंस तर मी भावाचे कान उपटले असते, आता माझ्या पोरीचं काय, असं बरंच काही. दिवाळीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, सांगितलं की. तुझ्या बापाला सांगितलं, माझ्या आईलाही सांगितलं. सगळ्यांचं एकच उत्तर, जरा कंकुचा विचार कर.

"तुझं घर मोडू नये म्हणून मार खाल्ला, भाभी. आता नाही खाववत."

कंकुच्या हातातली पेंडीची पाटी तशीच राहिली. आपल्याला वाटत होतं, आपलं नशीब चांगलं. ते नशीब तिकडं दिवाळीच्या पाठीवर उमटत होतं, आणि हे आपला बाप जाणून होता.

दोन दिवसांनी लगधीर जीप घेऊन आला. सोबत समाजाचे मोठे, हरगोवनबापा. लिंबाखाली खाटा टाकल्या, बशांतून चहा फिरला, आणि पुरुषांनी न्याय सुरू केला. दिवाळीनं मुकाट जीपमध्ये बसावं, नाहीतर कंकुनं बसावं. दोन्हीतली कुठलीही चालेल. बाजारात गुरं बदलतानासुद्धा माणूस दात तपासतो, इथं दिवाळीच्या फुटक्या ओठाकडं कुणी पाहिलंही नाही. लगधीरनं तर ओसरीकडं तोंड करून बहिणीला हुकूम सोडला, गाठोडं बांध, बाप वाट बघतोय.

मोठ्यांपुढं सून बोलत नाही. कंकु घुंगट मागं सारून, धारेची बादली घेऊन, सरळ खाटांपुढं येऊन उभी राहिली.

"भाई, हिचा ओठ कुणी फोडला?"

लगधीर म्हणाला, घरातल्या गोष्टी चारचौघांत काढायच्या नसतात.

"अच्छा. आणि मला जीपमध्ये कोंबायला चारचौघं आणलीस, ते?"

शेजारचा एकजण हसला आणि लगेच खोकला काढू लागला. हरगोवनबापांनी अमथाला बजावलं, बायकोला आवर. आता सगळं त्या अबोल माणसावर येऊन ठेपलं. कंकुनं त्याच्याकडं न बघताच विचारलं, "मी राहायचं की जायचं, हे यांनी ठरवायचं का आपण?"

अमथानं बशी खाली ठेवली. बराच वेळ नुसती मिशी चोळत बसला. कंकुच्या मनात आलं, संपलं. आणि मग तो म्हणाला, "भुरीच्या धारेची वेळ झाली. तू जा गोठ्यात." हरगोवनबापांना म्हणाला, "दोघी इथंच राहतील."

जायची वेळ आलीच तर म्हणून दिवाळीची पिशवी उंबऱ्याशी भरून ठेवलेली होती. सासू उठली आणि कुणाला न विचारता ती पिशवी आत घेऊन गेली. हरगोवनबापांनी चहा तसाच टाकला. जीप आली तशी रिकामी गेली.

तेव्हापासून समाजातल्या लग्नांची आवतणं या घराला बंद आहेत. कंकुचा बाप तिचा फोन उचलत नाही. सुनेचा ओठ ज्याला दिसला नाही, त्याला लेकीचा उद्धटपणा बरा दिसला. कंकुला ते लागतं. कुणी आडून विचारलं तर म्हणते, राग त्यांना येण्याचं कारणच नाही, रागवायचं कारण माझ्याकडं आहे. दिवाळी परत नांदायचं नाही म्हणते. उद्या जाते म्हणाली तरी तीच ठरवेल, जीपवाले नव्हे.

तर तुमच्या बहिणीचा, भावाचा संसार उसवायला लागला, तर एवढं करा. पंच गोळा करू नका, दुसऱ्या कुणाच्या सुखाची आण घालू नका. जिला लागलंय तिच्याशेजारी जाऊन बसा, तुला काय हवंय एवढंच विचारा, आणि ती बोलेपर्यंत कृपा करून तोंड बंद ठेवा.