बायको खिंडीत राहिली

आमच्या ह्यांच्या खिशात रेल्वेचा पास असायचा आणि आम्ही मात्र सायकलवर. लोणावळा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात नोकरी, दारावरून गाड्या जातायत, बायकोपोरांना फुकट प्रवास, आणि तरी कुठे जायचं म्हटलं की हे सायकल पुसायला बसायचे. "डब्यात बसून पोरांना काय दिसतं? समोरच्याचे गुडघे!" असं वर मलाच विचारायचे. आता काय बोलायचं अशा माणसाला?

रविवार उजाडला की आमची वरात निघायची. आमचा विजू दहा वर्षांचा, तो भाड्याच्या छोट्या सायकलवर पुढे. चार वर्षांची मंदा ह्यांच्या पुढ्यात, दांड्यावर बसवलेल्या लाकडी पाटावर. मी मागे कॅरिअरवर, एका हातात पदर आणि एका हातात डबा. विजू थांबला की सगळे थांबणार. त्याला सरडा दिसला, थांबा. मंदाला म्हैस बघायची आहे, थांबा. शेजारच्या औंढ्याला जाऊन यायचं म्हटलं तरी संध्याकाळ व्हायची. मी घाई केली की म्हणायचे, "अगं, आपण पोचू तीच वेळ." देवा रे! हे ऐकून माझं डोकं उठायचं.

माझं माहेर इंदुरीचं. वडील गेलेले, भाऊ लहान. धाकट्या बहिणीची, सुमनची, आधीची दोन स्थळं अगदी जुळता जुळता मोडली होती. तिसरं आलं ते तळेगावचं, आणि मुलगा सुमनच्या मनात भरलेला. मानपानाच्या बोलणीला थोरला जावई म्हणून ह्यांनीच बसायला हवं होतं. बैठक इंदुरीलाच, सकाळी दहाची. मी बजावलं, "अहो, आज तरी गाडीनं जाऊ." तर म्हणे, "पहाटे निघू. पोरांनाही रस्ता बघायला मिळेल." मी कार्ल्यापर्यंत भांडले आणि पुढे बोलणंच सोडलं.

कामशेतची खिंड आली. चढावर सगळे उतरलो, सायकली ढकलत वर आलो. माथ्यावर माझ्या चपलेत काटा घुसला म्हणून मी वाकले, तोवर विजू उतारावरून सुटला. "अरे, हळू! बस गं पटकन!" असं ओरडत हे त्याच्यामागे निघाले ते निघालेच. मी हाका मारल्या, हातवारे केले. वळणावर ह्यांची टोपी दिसेनाशी झाली. भर रस्त्यात मी आणि एक चप्पल हातात.

मागून बैलगाडी आली. गाडीवाले आबा मला खालीवर बघत म्हणाले, "काय वो ताई, एकल्याच? धनी कुटं गेलं?"

"गेले पुढं."

"तुमाला टाकून?"

"विसरून!"

आबांनी बैल थांबवले. मग म्हणाले, "बसा गाडीत. आमी वडगावलाच चाललोय. मानूस वाईट न्हाई दिसत, न्हाईतर तुमी रडला असता."

अर्ध्या वाटेत हे समोरून आले. दोन्ही पोरं, दोन्ही सायकली, घामानं निथळलेले. "अगं, कान्हे फाट्यापर्यंत मी तुझ्याशी बोलत होतो! तू उत्तर देईनास, मला वाटलं रुसवा चालूच आहे. उतारावर वजन कुठं कळतं?" आबा पोट धरून हसत होते. मला ह्यांना सायकलसकट इंद्रायणीत ढकलावंसं वाटलं.

इंदुरीला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. आई दारातच म्हणाली, "कुटं राह्यला गं? पाव्हणं उठाया लागल्यात." सुमन चुलीपाशी नव्या लुगड्यात बसलेली. तिनं माझा हात धरला. "ताई, ह्येबी मोडतंय," एवढंच म्हणाली.

बाहेर मुलाचे वडील कडाडले, "जावईबापू, आम्हाला दुसरे उद्योग नाहीत का?"

हे हात जोडून म्हणाले, "माफ करा. बायको खिंडीत राहिली. परत जाऊन घेऊन आलो."

भरल्या बैठकीत असं सांगतात का कुणी? लोक फिसकन हसले. मुलाचे वडील टोपी घालून उठले. "बायको विसरणारा वेंधळा! असल्या घरात सोयरीक करून आमचं हसं करून घ्यायचं का?"

मला काय झालं कुणास ठाऊक. मी सरळ बैठकीत गेले. "त्यांना वेंधळे मी म्हणेन. सकाळपासून म्हणतेच आहे. तुम्ही नाही म्हणायचं! दुसरा असता तर टायर पंक्चर झालं म्हणाला असता. ह्यांनी खरं सांगितलं."

आईनं कपाळावर हात मारला. हे माझ्याकडे बघतच राहिले. मी म्हटलं, संपलं, सुमनचं लग्न मीच मोडलं.

तेवढ्यात उंबऱ्याशी बसलेली मुलाची आई म्हणाली, "टोपी काढा आणि खाली बसा. मागल्या जत्रेत मला विसरून तुम्ही घरी आलात, आणि वर मीच हरवले म्हणून मला बोललात. परत आला होतात का बघायला?"

मुलाचे वडील बसले. चहा आला, आणि अंधार पडायच्या आत सुपारी फुटली.

पुढे लग्नात हे सगळ्यांना सांगत सुटले, "आम्ही उशिरा आलो म्हणून जमलं." मी तिथंही ओरडले. सगळा जन्म मी त्या माणसावर ओरडत राहिले, आणि ते दर वेळी "बरं" म्हणून पुन्हा तेच करत राहिले.

हे गेल्यावर सुमन महिनाभर माझ्यापाशी येऊन राहिली. निघताना म्हणाली, "ताई, तू फार गप्प झालीस."

गप्प नाही तर काय करू? ओरडावं असं घरात उरलंय कोण?