डावखुऱ्याला वगळलं

त्या शनिवारी दुपारी मी भवानी पेठेतल्या सुताच्या दुकानात रेडिओला कान लावून बसलो होतो. जमलेल्या पंधरा-वीस जणांत इंग्रजी कॉमेंट्री समजणारा मी एकटाच. भारताचा सामना इंग्लंडमध्ये होता, साठ-साठ षटकांचा. एका दिवसात निकाल लागणारं हे क्रिकेट आम्हाला तेव्हा नवंच होतं. शॉर्टवेव्हवरचा आवाज मध्येच मोठा व्हायचा, मध्येच खरखरीत बुडून जायचा. मी ऐकायचो आणि मोठ्यानं मराठीत सांगायचो.

दुकानाचे मालक आमच्या क्रिकेट क्लबाचे अध्यक्ष होते. सगळी पेठ त्यांना 'मालक'च म्हणायची. क्लबाच्या बॅटा, पॅड, खेळपट्टीवर अंथरायच्या मॅटिंगची गुंडाळी, सगळं त्यांच्याच माडीवर असायचं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, एका सरकारी कचेरीत कारकून. वडील गिरणीत होते. आमची बौद्ध वस्ती पेठेपासून सायकलनं दहा मिनिटांवर. चार हंगाम मी या क्लबाकडून डावखुरी फिरकी टाकत होतो. उपांत्य सामन्यात मी सहा गडी बाद केले होते आणि मालकांनी स्वतः माझ्या पाठीवर थाप मारली होती. फायनल दुसऱ्या दिवशी, रविवारी होती.

रेडिओवर संघ सांगितले. मी एकेक नाव सांगत गेलो. शेवटचं नाव सांगितलं तरी सगळे माझ्याकडे बघत राहिले.

"आणि आपला डावखुरा?" मालकांनी विचारलं.

"नाही घेतला."

"नीट ऐक की!"

"नीटच ऐकलं मालक. वगळलंय."

मालक गादीवरून उठलेच. "अक्कल गहाण टाकली काय यांनी? ज्याचा बॉल साऱ्या जगाला कळत न्हाई, त्याला बाहेर बसवायचं?"

आमचा कर्णधार पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "साठ ओव्हरची मॅच हाय मालक. स्पिनरला मारतेत. मध्यमगतीवाले बरे, खाली येऊन चार रनही काढतेत."

"चार रन काढायला बॉलर घेतेत व्हय? मग बॉल कोण टाकणार? तुझा काका?"

दुकान हसलं. मग वाद पेटला. कुणी म्हणे तिथली हवा ढगाळ असते, बॉल हलतो, मध्यमगतीच पाहिजे. कुणी म्हणे टप्पा असेल तर फिरकीला पाटा विकेटवरही मारता येत नाही. मीही बोललो. धावा रोखायच्या असतील तर फलंदाजाला पुढं यावं की मागं जावं हे कळू न देणं, एवढंच करायचं असतं, असं मी म्हणालो. मालकांनी सगळ्यांना गप्प केलं. "ऐका. हा टाकतो, ह्याला कळतंय."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, छाती फुगली माझी.

तिकडं इंग्लंडचे फलंदाज आमच्या मध्यमगतीवाल्यांना झोडपत होते. मी चौकार सांगायचो आणि दुकानातून शिव्या निघायच्या. मालकांचा चेहरा लाल झाला होता. "वशिलेबाजी! ज्याच्या हातात कला हाय त्याला पाणी द्यायला ठेवायचं. ह्या निवड समितीला लाज न्हाई!"

तेवढ्यात आमचा विकेटकीपर आला. तो विणकराच्या घरातला. घरी तेलुगू बोलायचे, बाहेर आमच्यासारखंच. माझ्या गोलंदाजीवर त्यानं जितके यष्टिचीत केले तितके कुणाच्याच नसतील. तो आल्या आल्या कर्णधाराला म्हणाला, "उद्या ह्याला लवकर आण बे. त्यांचे ओपनर स्पिनला घाबरतेत."

कर्णधारानं मालकांकडं पाहिलं. मालकांनी रस्त्याकडं.

"काय झालं?" मी विचारलं.

"उद्या तू आराम कर," कर्णधार म्हणाला. "एक मध्यमगतीवाला घेतलाय. मॅटिंगवर बॉल उसळतो, म्हणून."

मला आधी नीट कळलंच नाही. "मॅटिंग तर चार वर्षं तेच हाय. सहा विकेट मग कुठं काढल्या मी?"

"एवढं मनाला लावून घिऊ नको," मालक म्हणाले. "ते वेगळं, हे वेगळं."

"काय वेगळं?"

मालक रेडिओचं बटण फिरवू लागले. मग विकेटकीपर हळूच म्हणाला, "उद्या जेवण मालकांच्या घरी हाय ना. दोन्ही टीमचं, पाहुण्यांचं. पंगत."

तेव्हा कळलं. चार वर्षं सामन्याच्या दिवशी आम्ही आपापले डबे नेत होतो. मी माझा डबा लिंबाखाली बसून खायचो. कधीकधी विकेटकीपर येऊन बसायचा. बाकीचे पलीकडं गोल करून बसायचे. ते मला दिसत नव्हतं असं नाही. पण हातात बॉल आला की मी ते विसरायचो, किंवा विसरल्यासारखं करायचो.

"घरात म्हातारी माणसं हायत," मालक म्हणाले. आवाज अगदी समजुतीचा. "मला सोताला काय न्हाई बघ. तुझा डबा मी ग्राउंडवर पाठवणार होतो की. गोडाधोडासकट."

त्या 'गोडाधोडासकट'नं माझं डोकं फिरलं. आजही ते शब्द आठवले की कानशिलं तापतात.

रेडिओत एकदम गलका झाला. गडी बाद झाला होता. सगळे पुढं झुकले. "काय झालं? कोण गेला? काय म्हणतोय?"

मी सगळं ऐकलं होतं. कोण बाद झाला, कसा झाला, झेल कुणी घेतला. मी तोंड उघडलं नाही.

"अरे, सांग की!" मालक ओरडले.

मी उठलो. "इंग्रजीत सांगतोय तो. ऐका तुम्हीच. दोन तास निवड समितीला लाज न्हाई म्हणून ओरडताय. तुमची कुठं हाय? माझ्या तोंडातली कॉमेंट्री चालती, माझ्या हातातला बॉल चालतो, मी ताटावर बसलेला चालत न्हाई!"

"आवाज खाली कर," कर्णधार म्हणाला.

"तू तर बोलूच नको. सहाव्या विकेटला मला उचलून घेतलं होतंस."

मी चपला घातल्या. सायकलचं कुलूप काढलं. माझ्यामागं कुणी आलं नाही. विकेटकीपरसुद्धा नाही.

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुला आज कळलं व्हय?" मला तिचाही राग आला.

रविवारी सकाळी विकेटकीपर आमच्या दारात. "मी खेळणार न्हाई," म्हणाला. आमच्याकडं भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. दुपारपर्यंत बसला. संध्याकाळी कळलं, क्लबानं फायनल जिंकली. नव्या मध्यमगतीवाल्यानं विकेट काढल्या. आमच्यावाचून त्यांचं काहीच अडलं नव्हतं. दुकानात ढालीसकट फोटो लागला.

पुढच्या हंगामात विकेटकीपर परत त्यांच्याकडून खेळू लागला. त्याच्या घरच्या मागांना सूत मालकांच्याच दुकानातून यायचं. त्याची अडचण मला कळत होती. तरी दोन वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही.

मी कचेरीच्या संघातून खेळलो. पण वर्षभर माझा टप्पाच बसेना. बॉल हातात आला की तो फलंदाजाच्या अंगावर जोरात फेकावासा वाटायचा. फिरकीला धीर लागतो. तो माझ्यातून गेला होता. हळूहळू आला, पण पूर्वीसारखा नाही.

बऱ्याच वर्षांनी एस.टी. स्टँडवर तो कर्णधार भेटला. केस पिकले होते. त्यानंच हात धरला. म्हणाला, "त्या वेळी टीम निवडताना आमची चूकच झाली बघ. तुला घ्यायला पाहिजे होता."

"टीम निवडताना चूक झाली न्हाई," मी म्हणालो. "टीम तर तुमची जिंकली."

त्यानं हात सोडला. मग मुलं काय करतात, बदली कुठं झाली, असं विचारू लागला. माझी अक्कलकोटची गाडी लागली होती. उत्तर न देता मी चढलो आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसलो.