कडेपर्यंत न पोहोचलेल्या घड्या

वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी बंगळूरच्या एका इस्पितळात क्ष-किरण विभागात शिकाऊ डॉक्टर म्हणून रुजू झाले. बरोबरचे सगळे माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होते, आणि चुकण्याचे भय मात्र माझ्याच वाट्याला अधिक आले होते.

तिथला शिरस्ता असा की, बेरियमचा पांढरा घोळ पाजून काढलेली जठराची फिल्म ओली असतानाच प्रमुखांनी वाचायची आणि त्यांच्या तोंडून निघालेला शब्द आम्ही लिहून घ्यायचा. व्रण, म्हणजे जठरातली जखम, जठराच्या रेषेबाहेर पिशवीसारखा डोकावत असेल आणि आतल्या अस्तराच्या घड्या चाकाच्या आऱ्यांसारख्या थेट त्याच्या कडेला भिडत असतील, तर तो साधा. घड्या अलीकडेच जाड होऊन थबकल्या असतील, तर कर्करोगाचा संशय घ्यायचा, एवढे मला पाठ होते.

त्या सकाळची फिल्म बेळगावकडून इथल्या कारखान्यात नोकरीला आलेल्या एका फिटरची होती. व्रण बाहेर डोकावत होता खरा. पण खालच्या अंगाच्या दोन घड्या कडेपर्यंत पोहोचत नव्हत्या. मी वाकून पाहत राहिले.

"बाई, एवढा वेळ पाहाल तर फिल्म इथेच वाळेल," प्रमुख म्हणाले. बाकीचे हसले. "साधा व्रण. लिहा."

मी लिहिले.

मराठी बोलणारी मी एकटीच, म्हणून निकालही मीच सांगितला.

"भ्यायसारखं काय न्हाई न्हवं, अक्का?" त्याच्या बायकोने विचारले.

"नाही. साधाच आहे."

दूध आणि आम्लनाशक पूड यांवर दीड महिना गेला. दुसऱ्या फिल्ममध्ये व्रण लहान दिसला. कर्करोगाचा व्रणही काही काळ आक्रसतो हे ठाऊक असून मी त्यावर विसंबले. चार महिन्यांनी तो फिटर उलट्या करीत परतला. शस्त्रवैद्यांनी पोट उघडले, यकृतापर्यंत पसरलेल्या गाठी पाहिल्या आणि तसेच शिवून टाकले.

त्याच्या बायकोला मी पहिली फिल्म खिडकीच्या उजेडात धरून दाखवली. त्या दोन घड्यांवर बोट ठेवले.

"हे तवाबी दिसत हुतं?"

"दिसत होतं."

"मग तवाच का बोलला न्हाईसा?"

मी फिल्म पाकिटात घातली. तिने डोळे पुसले. "ह्यास्नी नका सांगू, अक्का. तुमच्यावर लई भरवसा हाय ह्यांचा."

मी वॉर्डात गेले. त्याने पडल्यापडल्याच हात जोडले. "आता बरं वाटंल न्हवं?"

मी हो म्हणाले.