इराच्या फुटबॉलपटूंबरोबर फ्लॅगस्टाफला

इराचा मेलबर्नहून फोन आला तेव्हा मी श्रीकांतच्या पायात मोजे चढवत होते. फोन स्पीकरवर टाकून गादीवर ठेवला. "आई, गुड न्यूज आहे. नोव्हेंबरमध्ये आमच्या टीमचा कॅम्प अमेरिकेत आहे. ॲरिझोनात, फ्लॅगस्टाफला." मी "अरे वा" म्हटलं आणि दुसरा मोजा शोधायला लागले. आनंद झाला, पण जरा उशिरा पोचला. हल्ली माझ्याकडे सगळंच उशिरा पोचतं.

इरा आमची एकुलती एक. इथेच, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये जन्मली, वाढली. ती डॉक्टर होईल असं आम्ही धरून चाललो होतो. तिने स्पोर्ट्स सायन्स घेतलं, आणि आता ती ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या एका व्यावसायिक संघाचा फिटनेस सांभाळते. महाराष्ट्र मंडळात लोक विचारतात, "म्हणजे सॉकर?" सॉकर नाही. क्रिकेटच्या मैदानाएवढं अंडाकृती मैदान, दोन्ही टोकांना चार-चार खांब, लांबट चेंडू. तो हातातून सोडून लाथेने मारायचा, उंच उडी मारून झेलायचा, आणि जवळपास दोन तास धावत राहायचं. धावण्याच्या मध्येमध्ये एकमेकांना आडवं पाडायचं. मी एवढंच सांगते आणि विषय बदलते.

कॅम्प संपला की ती तशीच परत जाणार होती. शिकागोला यायला तिला सुट्टी नव्हती. म्हणून आम्हीच जायचं ठरवलं. श्रीकांतचं वसंतात खुब्याचं ऑपरेशन झालं, त्याआधी हृदयात स्टेंट बसलेला. उंचीवर जायला हरकत नाही, असं त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. माझ्याबद्दल कोणी काही विचारलं नाही, आणि मलाही ते सुचलं नाही.

जाण्यामागे माझं आणखी एक काम होतं, ते मी श्रीकांतलाही सांगितलं नव्हतं. मला इराला विचारायचं होतं, तू परत येशील का?

शिकागोहून फीनिक्सचं विमान सरळ मिळतं. श्रीकांतसाठी व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती. तुमच्याबरोबर कोणी ज्येष्ठ असेल तर तुम्हीही ठेवा. फीनिक्सला भाड्याची गाडी घेतली. तिथून फ्लॅगस्टाफला जाणारा रस्ता सुरुवातीला नुसता वाळवंटातून जातो. हात वर करून उभे असावेत तसे निवडुंग. मग चढ लागतो. एका ठिकाणी पाटी आहे, इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा. मी बंद केला. श्रीकांत म्हणाला, "उकडतंय गं." मी एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने त्याला पाण्याची बाटली उघडून दिली. आपण स्वतः पाणी प्यावं हे काही सुचलं नाही.

वर पोचलो तसे निवडुंग गेले आणि पाइन आले. हवा कोरडी, थंड. सामान खोलीत नेताना पहिल्याच जिन्यावर धाप लागली. फ्लॅगस्टाफ सात हजार फुटांवर आहे, जिना सावकाश चढा. आम्ही मैदानाजवळचं साधं मोटेल घेतलं होतं. त्यात मायक्रोवेव्ह होता, हे महत्त्वाचं. मेतकूट-भातावर पहिला दिवस निभावला.

इरा संध्याकाळी आली. उन्हाने रापलेली, गळ्यात स्टॉपवॉच. मला मिठी मारून ती श्रीकांतजवळ बसली. "बाबा, डोकं दुखतंय? धाप लागते? रात्री झोपताना त्रास?" सगळं नीट विचारलं. मग माझ्याकडे वळली, "आणि तू?"

"मी ठीक आहे," मी म्हटलं, आणि तिच्यासाठी आणलेली शंकरपाळी काढायला उठले.

दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला सराव बघायला बोलावलं. इतक्या उंचावर संघ का आणतात, हे मला तरी कळत होतं. मी नेपरव्हिलजवळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आयुष्यभर रक्त तपासलं. हवेत ऑक्सिजन कमी मिळाला की शरीर तांबड्या पेशी वाढवायला लागतं. मग खाली जाऊन तेच धावणं सोपं जातं, निदान तसा हिशेब असतो. इरा म्हणाली, "आई, ते अर्धंच आहे. बाकी अर्धं म्हणजे, कोणाला कधी थांबवायचं."

मैदानाच्या आधी एक मोठी खोली होती. तिथे रोज सकाळी प्रत्येक खेळाडू एका धातूच्या पाटावर उभा राहून उडी मारतो. नेहमीपेक्षा उडी कमी भरली, तर पाय अजून कालचे दमलेले आहेत. मग गुडघ्यांमध्ये एक उपकरण धरून ते जोराने दाबायचं. त्यावरून जांघेचे स्नायू कसे आहेत ते कळतं. बाजूला काही जण गुडघ्यांवर बसलेले. जोडीदाराने घोटे धरायचे आणि याने ताठ अंगाने हळूहळू पुढे झुकायचं. मांडीमागचा स्नायू धावताना फाटू नये म्हणून हा व्यायाम. आडदांड माणसं, पण तोंडं कळा देणाऱ्या बाईसारखी होत होती.

बाहेर प्रत्येकाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, बनियनच्या खिशात एक छोटं यंत्र. कोण किती धावला, किती वेगाने, ते इराच्या टॅबलेटवर दिसतं. सगळ्यांना सारखं पळवत नाहीत. मैदानाच्या मधल्या भागात खेळणारे सर्वात जास्त धावतात. उंचेपुरे, उड्या मारून चेंडू मिळवणारे कमी धावतात, पण धक्काबुक्की जास्त करतात. पार दमल्यावर त्यांना चेंडू देऊन नेम धरायला लावतात, कारण सामन्यात शेवटी तेच करायचं असतं.

त्यातला एक खेळाडू लक्षात राहिला. नेथन नाव, तिशी ओलांडलेला, कानामागे पांढरे केस दिसायला लागलेले. त्याचा करार या मोसमापुरताच होता. सकाळी त्याचं उपकरणावरचं दाबणं नेहमीपेक्षा बरंच कमी भरलं होतं. इराने विचारलं तर म्हणाला, "मी मस्त आहे." लांब धावण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि तो उजवा पाय किंचित जपून टाकायला लागला. मला ते दिसलं नाही, इराला दिसलं. तिने शिट्टी वाजवून त्याला बाहेर बोलावलं.

"माझं संपलेलं नाही," नेथन म्हणाला.

"आजचं संपलं," इरा म्हणाली.

मुख्य प्रशिक्षक चालत आला. आमच्या खुर्च्या जवळच होत्या, त्यामुळे सगळं ऐकू आलं. "इतक्या लांब त्याला बसवून ठेवायला आणलंय का? त्याला खेळायचंय. तूच एकटी नको म्हणतेयस."

"हो, मी नको म्हणतेय," इरा म्हणाली. आवाज चढवला नाही. पण तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. शाळेच्या स्पर्धेत बोलायच्या आधी तिला ते असेच उठायचे.

नेथनने पाठीवरचं यंत्र काढून तिच्या हातात ठेवलं आणि तिच्याकडे न बघता निघून गेला. श्रीकांत म्हणाला, "ही नोकरी घालवणार." मला वाटलं, घालवली तर घरी येईल. मग त्या विचाराचीच शरम वाटली.

दुपारी गावात भटकलो. जुन्या स्टेशनाच्या आसपास चांगली खाण्याची ठिकाणं आहेत. हिरव्या मिरच्यांचं दाट सूप मिळतं, झणझणीत, श्रीकांतनेही मिटक्या मारल्या. मालगाड्या गावाच्या मधूनच जातात, सारख्या. झोप सावध असेल तर रुळांपासून लांबचं मोटेल घ्या. आम्ही जवळचं घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मैदानावर. पार्किंगपासून मैदान लांब. मी दोन खुर्च्या, थर्मास, श्रीकांतच्या औषधांची पिशवी आणि त्याची उशी घेऊन पोचले. तो काठी टेकत मागून आला. बसल्यावर म्हणाला, "जाकीट गाडीतच राहिलं वाटतं." मी परत फिरले. अर्ध्या वाटेत पाइनची झाडं एका बाजूला कलली असं वाटलं. पुढचं आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा नेथन माझे पाय वर धरून बसला होता. त्याला मैदानाच्या काठावर नुसती व्यायामाची सायकल मारायला लावली होती, त्यामुळे मी पडताना त्यानेच आधी पाहिलं. "हलू नका, मॅम," तो म्हणाला. मग इराचा चेहरा, मग संघाची डॉक्टर. मैदानावरचं धावणं थांबलं होतं, आणि मला फक्त एवढंच वाटत होतं की माझा कुडता वर सरकला असेल.

डॉक्टरने रक्तदाब घेतला, नाडी पाहिली, बोटातून साखर पाहिली, हृदयाचा आलेख काढला. "शेवटचं पाणी कधी प्यायलात?" मला सांगता आलं नाही. "सलग झोपून किती दिवस झाले?" तेही सांगता आलं नाही.

"मी ठीक आहे," मी म्हटलं.

"माझ्याकडे येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो," डॉक्टर म्हणाली. "हृदय व्यवस्थित आहे. अंगात पाणी नाही, आणि तुम्ही फार दमलेल्या आहात. आज झोपा. पुन्हा असं झालं तर थेट हॉस्पिटल."

श्रीकांत खुर्चीतून उठून आला होता. काठी न घेता.

इराने मला मोटेलवर आणलं, मिठाचं पाणी पाजलं, पडदे ओढले. पलंगाच्या कडेला बसली. "आई, एवढ्या मोठ्या टीमच्या प्रत्येकाची झोप मला माहितीये यार. तुला मी एकदाच विचारलं. ॲन्ड आय जस्ट बिलीव्ड यू."

आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी बोलले. "इरा, तू परत ये. शिकागोत कॉलेजं आहेत, त्यांच्या टीम आहेत. मला एकटीला हे होत नाही आता."

 ती हातातल्या स्टॉपवॉचची दोरी बोटाला गुंडाळत होती.

"मी आत्ता नाही येऊ शकत," ती म्हणाली. "खोटं सांगणार नाही. हे काम मिळायला किती वर्षं गेली, तुला माहितीये. मी आले तर तुझ्यावर चिडेन, आणि ते मला नकोय."

मला वाटलं होतं की नकार आला तर मी रडेन. रडू आलं नाही, तेवढंही त्राण नव्हतं. भिंतीकडे तोंड करून झोपले. दुपारी जाग आली तेव्हा दाराबाहेर दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"बाबा, ड्रायव्हिंगला डॉक्टर काय म्हणाले?"

"चालवायला हरकत नाही म्हणाले."

"कधी म्हणाले?"

"ऑगस्टमध्ये."

"आणि मोजे? खाली वाकायला?"

"वाकता येतं. वेळ लागतो. ती पटकन घालून देते."

"मग लागू दे ना वेळ," इरा म्हणाली. "तुला बसवून ठेवलंय तिने. आणि तू बसलायस."

 मला श्रीकांतचा राग यायला हवा होता. पण त्याने ऑगस्टमध्ये सांगितलं असतं, तरी मी किल्ली त्याच्या हातात दिली नसती, हेही मला माहीत होतं. तो पडेल या भीतीने मी त्याला उठूच दिलं नव्हतं.

चौथा दिवस आमचा ग्रँड कॅन्यनसाठी राखून ठेवलेला. मी म्हटलं, नको जाऊ या. श्रीकांतने किल्ली घेतली. "तू बस," म्हणाला. रस्ता बराचसा सपाट आणि रहदारी कमी, पण कडेला हरणं असतात, जपून चालवा. मी सीटबेल्ट लावला, पाण्याची बाटली मांडीवर ठेवली, आणि गावाबाहेर पडायच्या आत झोपले. सगळ्यांनी वाखाणलेलं ते पाइनचं जंगल मी पाहिलंच नाही. जाग आली तेव्हा आम्ही पार्किंगमध्ये होतो. श्रीकांत नुसता बसून होता, मला न उठवता.

दरी कशी आहे ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत, फोटो लोकांनी पुष्कळ टाकलेत. दक्षिण काठावर फुकट बस फिरते, चालायला नको. आम्ही एका बाकावर बसून पोळीचा लाडू खाल्ला. ऊन सरकलं तसे खालचे खडक एकेक करून तांबडे झाले. "किती वर्षं यायचं म्हणत होतो," तो म्हणाला. मी हो म्हटलं. एवढंच बोललो.

तिथेच इराचा मेसेज आला. स्कॅनमध्ये नेथनच्या जांघेच्या हाडाला सूज निघाली होती. धावत राहिला असता तर पूर्ण मोसम गेला असता. आता काही आठवड्यांची विश्रांती, आणि तो लवकर घरी परत निघाला होता. मी फोन करून विचारलं, "मग प्रशिक्षक काय म्हणाला?" ती म्हणाली, "काही नाही. उद्याचं शेड्युल मागितलं." नेथनला पुढचा करार मिळेल की नाही, ते तिलाही माहीत नव्हतं.

निघायच्या सकाळी ती आम्हाला गाडीपर्यंत सोडायला आली. मला घट्ट धरलं, आणि थोडा वेळ सोडलंच नाही. माझ्यापेक्षा तीच जास्त दमलेली वाटली. मी तिला तेवढं म्हटलं, तर हसली आणि म्हणाली, "दमलेय का, ते मार्चमध्ये विचार. सीझन सुरू झाला की बघ."

नेपरव्हिलला परत येऊन आता काही आठवडे झाले. बर्फ सुरू झालंय. फ्लॅगस्टाफला जरूर जा, पण पहिला दिवस मोकळा ठेवा आणि पाणी पीत राहा. इरा येणार नाही, आणि ते मला अजून लागतं. सकाळी उठल्या उठल्या जास्तच. फिजिओथेरपीला श्रीकांत स्वतः गाडी चालवत जातो. तो परत येईपर्यंत मी खिडकीशी उभी असते, ती सवय अजून सुटलेली नाही.

काल दुपारी तो म्हणाला, आज खिचडी मी करतो. मी आडवी झाले. स्वयंपाकघरात आधी फोडणी जळल्याचा वास आला, मग काहीतरी जड खाली पडलं, झाकण बराच वेळ फरशीवर गरगरत राहिलं. मी डोकं उचललं. "श्रीकांत?"

"काही नाही," तो आतून म्हणाला. "उचलतोय."

मी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि उठले नाही.