मामांची कौल लीग

मतदानाचा निकाल मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचा मामा. निवडणुकीला उभे राहणारे लोक निकाल मानतात, कारण त्यांना दुसरा इलाज नसतो. मामांना निकाल आवडायचा. आपल्या विरुद्ध गेला तर जरा जास्तच. विरारजवळ आगाशीच्या त्यांच्या घरात दुपारी वांगं करायचं की सुरण, यावर हात वर व्हायचे, आणि ज्यांना ते चिरायचं असायचं त्या मामींचंही मत एकच धरलं जायचं. नोकरीत असताना ते बसचे कंडक्टर होते. कोणी बाई लांबून धावत येताना दिसली, की घंटी मारायच्या आधी ते गाडीभर विचारून घ्यायचे, "थांबायचं का? हात वर करा!" याबद्दल त्यांना वरिष्ठांचं पत्रही आलं होतं. ते त्यांनी दुसऱ्या दिवशी गाडीत वाचून दाखवलं आणि त्यावरही मत घेतलं. माझं लग्न ठरताना मला बघून झाल्यावर, चहाचे कप उचलायच्या आत त्यांनी जमलेल्यांना हात वर करायला लावले. अकरा विरुद्ध तीन मतांनी मी पास झालो. नंतर मला ओट्यावर बाजूला घेऊन ते म्हणाले, "जावईबापू, त्या तिघांत एक मी व्हतो. तुमी फार कमी बोलता. पन कौल लागला. आता तुमी आमचे." पुढच्या बारा वर्षांत त्यांनी मला एकदाही परकं मानलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना माझी मान खाली जाणार आहे.

निवृत्तीनंतर मुलाने त्यांना मोठा फोन घेऊन दिला आणि त्यात त्यांना परदेशातली कुठली तरी फुटबॉलची स्पर्धा सापडली. तिच्यात म्हणे सातसात खेळाडू, मध्येच कोणाला तरी बाहेर काढतात, बघणारे लोक फोनवरून नियम ठरवतात, आणि पंचाच्या टोपीवर कॅमेरा. मामा आठ दिवस जेवताना तेच बघत होते. नवव्या दिवशी बोळिंजला आमच्या फ्लॅटवर सुकेळ्यांचं, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचं, पुडकं घेऊन आले. "बगनाऱ्याला काम दिलंय त्यांनी," ते म्हणाले. "नायतर बगनारा काय करतो? टाळ्या वाजवतो, घरी जातो. भात कापून झालाय. शेत मोकळं हाय. तुमी कंप्युटरवाले, तुमी मतदानाचं बगा." मी इंटरनेटवर एक साधंसं पान तयार करून दिलं. त्यावर सामना दिसायचा, खाली प्रश्न यायचा आणि एका फोनवरून एक मत देता यायचं. मामांनी लीगचं नाव ठेवलं 'कौल लीग'.

अर्नाळ्याहून जुनी मासळीची जाळी आणून बांबूंना बांधली आणि गोल उभे राहिले. बांधांवर प्रेक्षक बसले. मुख्य कॅमेरा मामांनी नारळाच्या झाडावर चढवला. वारा आला की सामना एकदम विहिरीकडे वळायचा. एकदा त्यावर कावळा बसला आणि अर्धा खेळ त्याच्या पायाआडून दिसला. त्या दिवशी 'सर्वोत्तम खेळाडू' म्हणून लोकांनी फोनवरून कावळ्याला निवडलं. मामांनी निकाल जसाच्या तसा जाहीर केला आणि बक्षिसाची सुकेळी झाडाखाली ठेवून दिली. गोलच्या बांबूला त्यांनी माइक बांधला होता, चेंडू जाळीत गेल्याचा आवाज घरबसल्या ऐकू यावा म्हणून. ऐकू आलं ते गोलकीपर बायकोला फोनवर "येतो गं, एवढी दहा मिनिटं" म्हणून समजावत असल्याचं. दर दहा मिनिटांनी शिट्टी व्हायची आणि प्रश्न यायचा. कोणाला बाहेर बसवायचं? दुसरा चेंडू आणायचा का? एका रविवारी लोकांनी कौल दिला की पेनल्टी मामांनीच मारावी. सदुसष्ट वर्षांचा माणूस इस्त्रीचा शर्ट आणि अर्ध्या चड्डीत पुढे आला, धावला आणि लाथ मारली. चेंडू शेजारच्या वांग्यांत गेला, चप्पल जाळीत. चप्पल गोल धरायची का, यावर लगेच मत घेतलं, आणि ती धरली गेली. प्रश्न कोणीही पाठवावा, पाठवणाऱ्याचं नाव सांगायचं नाही, हा नियमही मामांचाच. "नाव सांगितलं की मानूस घाबरतो," ते म्हणायचे.

आणि समालोचन मामा स्वतः करायचे. माइक हातात आला की त्यांना चेंडूपेक्षा माणसं जास्त दिसायची. "बॉल आता जगदीशकडं. जगदीशच्या आयशीचं डोळ्याचं आपरेशन झालं, आता बरी हाय. जगदीशनं दिला संतोषला. संतोषनं नवीन जागा घेतली, पन तिकडं पानी येत नाय अजून, टँकर मागवायला लागतो. त्याच्या मेव्हन्याला... गोल! गोल झाला! कोनी मारला रे?" पहिल्या सामन्यांत मी मनमुराद हसलो. मग हळूहळू ते मला टोचायला लागलं. मी मूळचा सांगलीकडच्या खेड्यातला. ऑफिसात रुजू झालो तेव्हा माझ्याही बोलण्याला लोक हसले होते, आणि मी वर्षभरात ते बोलणं घासून पुसून साफ केलं होतं. त्यामुळे मामा 'पानी' म्हणाले की मला दचकायला व्हायचं. जणू मीच बोललो.

एके दिवशी ऑफिसात डबा खाताना एका सहकाऱ्याने फोन पुढे केला. "हे बघ, तुमच्या विरारकडचं." त्यावर मामांचा आवाज होता. कोणीतरी 'पानी येत नाय' एवढाच तुकडा कापून, त्याला ठेका लावून फिरवला होता. टेबलावरचे सगळे हसत होते. "कोण आहेत रे हे काका? ओळखतोस?" मी म्हणालो, "नाही रे. आमच्या तिकडे चालतं असलं काहीतरी." एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. पण मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलो आणि तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. तेव्हा ते सगळे म्हणाले, "पुढच्याच्या पुढच्या रविवारी आम्ही येतो बघायला. दाखव आम्हाला ते काका." मी डबा बंद केला. मामा माइकवरून सगळ्या गावादेखत सांगणार होते, आमचे जावई आलेत, सोबत त्यांचे हापिसातले लोक आलेत.

मामांना मी सरळ सांगू शकलो असतो. ते मी केलं नाही. त्याआधीच्या रविवारी मध्यंतराला मी गुपचूप प्रश्न टाकला: 'समालोचक बदलावा का?' आणि लोक मत देत असताना मी माझ्या दोन्ही फोनवरून 'बदलावा' दाबलं. बायकोचा फोन चार्जिंगसाठी माझ्याच पिशवीत होता, त्यावरूनही दाबलं. आमच्या मुलाच्या टॅबवरूनही दाबलं. हात थरथरत होता असं लिहायला मला आवडलं असतं, पण थरथरत नव्हता.

निकाल वाचायचं काम समालोचकाचं. मामांनी फोन हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात वाचलं, "समालोचक बदलावा, साठ. बदलू नये, अठ्ठावन्न." मामांनी एकदा घसा साफ केला. "कौल लागला. लोकांचा आभारी हाय. आता आमचे जावई बोलतील, ते शुद्ध बोलतात." माइक शर्टाच्या टोकाने पुसून त्यांनी माझ्या हातात दिला आणि पलीकडच्या बांधावर लोकांत जाऊन बसले. घरी परतताना बायको म्हणाली, "मामाच्या विरुद्ध एवढी माणसं असतील असं वाटलं नव्हतं. मी मत द्यायला गेले, तर फोन म्हणतो तुमचं मत आधीच नोंदवलंय. तुझ्या त्या पानात काहीतरी गडबड आहे, बघ जरा." मी म्हणालो, "बघतो." रात्री आकडे मांडून बघण्याचीही गरज नव्हती. माझं एक मत धरूनही साठातून जादा तीन गेली की सत्तावन्न उरतात, हे मला निकाल ऐकतानाच कळलं होतं.

ऑफिसातलं त्या पुढच्या रविवारी कोणीही आलं नाही. त्यांच्या लक्षातही नव्हतं. मी मात्र 'चेंडूवर उत्तम नियंत्रण', 'सुरेख पास' असं नीटनेटकं बोलत राहिलो. बांधावर मामा गुडघ्यांभोवती हात घालून ऐकत होते, आणि मी चांगलं वाक्य बोललो की मान डोलवत होते. ती मान मला सोसवेना.

तिसऱ्या रविवारी सामना सुरू व्हायच्या आधी एक म्हातारी बाई माझ्या टेबलाजवळ आली. "फोनमधी तुमीच बोलता का?" मी हो म्हणालो. "मग जरा सांगा ना, कोन आलंय, कोनाचं काय चाललंय. आमचे हे विचारतात, हा नवीन मानूस नुसता चेंडू चेंडू काय करतो?" तिचा नवरा मामांच्या बसचा ड्रायव्हर होता. बावीस वर्षं दोघं एकाच गाडीवर. साखरेच्या आजारात त्याची नजर गेली, तेव्हापासून अर्नाळ्याच्या घरात तो खाटेवर असतो. "रविवारची ही एवढी बोलनी ऐकायला सकाळधरनं बसतात. गाडीवर बी तसंच व्हतं म्हनतात. मागं काय चाललंय ते डायवरला दिसत नाय, कंडक्टर सांगनार. आता कोन सांगतंय?" मी बांधाकडे बघितलं. मामा कुणाला तरी बसायला जागा करून देत होते. आपण हे सगळं कोणासाठी बोलतो, हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी आगाशीला गेलो. मामा वाडीत मांडवावर सोललेली केळी वाळत घालून एकेक उलटत होते. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "मामा, त्या दिवशीच्या मतांत चार मतं माझी होती."

"चार कशी? मानशी एक."

मी सगळं सांगितलं. फोन, पिशवी, टॅब. ते ऐकत केळी उलटत राहिले. मग हात थांबला. "म्हनजे मी जितलो व्हतो."

"हो. एका मताने."

"एका मतानं का होईना." क्षणभर त्यांचा चेहरा उजळला, लहान पोराचा उजळतो तसा, आणि लगेच विझला. "पन का केलंत?"

मग मी ऑफिसातलंही सांगितलं. तो तुकडा, ते हसू, आणि मी ओळखत नाही म्हणालो ते. ते ऐकून मामा म्हणाले, "मी पानी बोलतो म्हनून?" मी होकारार्थी मान हलवली. "मग मला सांगायचं. मी बोललो नसतो."

याच्यापेक्षा त्यांनी मला वाडीबाहेर काढलं असतं तर परवडलं असतं. मी म्हणालो, येत्या रविवारी माइकवरून सगळ्यांना खरं सांगतो, माफी मागतो, तुम्ही परत या. त्यांनी दोन्ही हात झटकले आणि पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला. "अजिबात नाय! तुमी सांगनार, आनि लोक बोलनार, हे असंच असतंय, आतापत्तूर जे जे ठरलं ते सगळं खोटं. मग परत कोन मत देनार? माझं एकट्याचं काय, मी खाली बसून बी सामना बगतो. लोकांना ठाऊक हाय कौल तुमच्या बाजूनं हाय. तुमीच बोला." आणि पुन्हा केळ्यांकडे वळून, खालच्या आवाजात, "परत मात्र मानशी एकच."

मी त्या दिवशी बायकोला सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हातारीने मला काय विचारलं तेही मी वाडीत मामांना सांगितलं होतं. पुढच्या रविवारी ते बांधावर कानाला फोन लावून बसले. इकडे माइकवर मी, आणि तिकडे ते, त्या एका ड्रायव्हरसाठी हळू आवाजात. दोन रविवारांत त्यांच्या आजूबाजूला माणसं सरकत सरकत येऊन बसायला लागली. तिसऱ्या रविवारी तो बांध भरून गेला आणि माझ्यासमोरचा अर्धा मोकळा झाला. मी बोलत राहिलो. बोलणं भाग होतं.

परवाच्या सामन्यात मध्यंतराला पाण्याची बाटली घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांचं फोनवर चाललंच होतं, म्हणून मागे बसलो. ते सांगत होते, जगदीशला मुलगी झाली, संतोषकडे अखेर नळाला पाणी आलं, पलीकडच्या वाडीतल्या काकूंचं गुडघ्याचं चाललंय. मग मागे वळून न बघताच म्हणाले, "आनि आमचे जावई येऊन बसलेत मागं." तिकडून ड्रायव्हरने काहीतरी विचारलं. काय ते मला ऐकू आलं नाही. मामांनी वळून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाले, "नाय रे, नाय. चांगला मानूस हाय तो."

शिट्टी झाली. मला माइककडे जायचं होतं. मी बाटली त्यांच्या शेजारी ठेवली, आणि उठायच्या आधी कितीतरी वेळ कापलेल्या भाताच्या खुंटांकडे बघत तसाच बसून राहिलो.