तिसरी फेज

लखनौच्या वृंदावन योजना या वसाहतीत राहणारे मधुसूदन राजवाडे रेल्वेतून विद्युत अभियंता म्हणून निवृत्त झाले, पण वीज काही त्यांना निवृत्त होऊ देत नाही.

त्यांच्या गल्लीत विजेच्या तीन फेज आहेत आणि घरं तिन्हींवर वाटलेली आहेत. जूनमध्ये सगळ्यांचे एसी सुरू झाले की एखाद्या फेजचा फ्यूज उडतो. मग वीज गेलेली मंडळी मीटरपाशी बसवलेला चेंजओव्हर स्विच फिरवतात आणि शेजारच्या चालू फेजवर जाऊन बसतात. दुप्पट भाराने तीही जाते. इतकी साधी गोष्ट, पण कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ!

परवा भर दुपारी एकापाठोपाठ दोन फेज गेल्या. त्यात राजवाड्यांचीही होती. ते बनियनवरच रस्त्यात धावले. "अरे भैया, चेंजओव्हर मत घुमाओ! तीसरी भी जाएगी!"

समोरचे शुक्लाजी गॅलरीतून शांतपणे म्हणाले, "राजवाडेजी, आपके यहाँ तो पंखा चल रहा है।"

राजवाडे तडक घरात शिरले. पंख्याखाली त्यांच्या पत्नी पद्माताई भाजी निवडत बसल्या होत्या.

"तू फिरवलास?"

"मग काय करू? वीज का जाते ते सगळं पाठ झालंय मला. त्याने वारा लागत नाही, अहो!"

तेवढ्यात बाहेर फट् असा आवाज झाला आणि पंखा मंदावत थांबला. सगळी गल्ली बंद पडली होती.

आपलं म्हणणं खरं ठरलं, हे सांगायला राजवाड्यांना तोंडच उरलं नव्हतं.